गुंड्याला आधी ऊब दे

नमस्कार ताई,

मी नाशिकला राहते, वय २४. नोव्हेंबरमध्ये माझा मित्र परदेशी गेला आणि त्याचा पाळीव साप, बॉल पायथन, माझ्याकडे आला. नऊ-दहा महिन्यांचा आहे, नाव गुंड्या. आला तेव्हा वजन २१० ग्रॅम होतं, आता १९८ आहे. पहिला आठवडा अगदी शहाण्यासारखा वागला, हातात घेतला की मुटकुळं करून बसायचा. आता झाकण उघडलं की मान मागे घेऊन फुत्कारतो. खाण्याचं तर काही कळतच नाही. फ्रोझन उंदीर गरम करून दिला की झडप घालतो, विळखा घालतो, बराच वेळ आवळून धरतो आणि मग तसाच टाकून निघून जातो. असं दोनदा झालं. एकदा टाकलेला उंदीर त्याने मध्यरात्रीनंतर खाल्ला, तोही शेपटीकडून. कधीकधी नेमही चुकतो. एका व्हिडिओत बघून मी त्याला खाण्यापुरतं वेगळ्या डब्यात ठेवते. मागच्या आठवड्यात तिथून उचलताना तो अंगठ्याला चावला आणि हाताला विळखा घालून बसला, सोडेचना. आजी म्हणते, त्याने डूख धरलाय. शेजारचे काका म्हणतात, जिवंत उंदीर सोड, आपोआप भूक लागेल. मी दर तीन-चार दिवसांनी उंदीर देऊन बघते आणि सवय व्हावी म्हणून त्याला रोज बाहेर काढते. पेटी चार फुटी, काचेची आहे. आत एक मोठी गुहा आहे, खाली हीट मॅट आहे आणि काचेवर चिकटवलेला थर्मामीटर २६ दाखवतो. हा स्वभावानेच तापट आहे का? जानेवारीत माझा चार वर्षांचा भाचा येणार आहे, त्याच्या हातात गुंड्याला देऊ का?

— सायली, नाशिक

प्रिय सायली,

तुझ्या पत्रात ज्या वाक्याला सगळ्यात कमी जागा मिळाली आहे, तिथेच मी सगळ्यात जास्त वेळ थांबले: काचेवरचा थर्मामीटर २६ दाखवतो. हा आकडा काचेचा आहे, आणि गुंड्या राहतो तळाला. डिसेंबरच्या रात्री नाशिकमध्ये पारा किती उतरतो ते तुला सांगायला नको. निफाडचे आकडे तर दर हिवाळ्यात पेपरात येतात. अशा रात्री काचेची चार फुटी पेटी तापवणं एका हीट मॅटला जमत नाही. मॅट खालची काच गरम करते, पेटीतली हवा थंडच राहते.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभरच्या घरांत पोहोचला. त्याला स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करता येत नाही, ती तो बाहेरून घेतो. पेटीत एका टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ असं हवं, म्हणजे सरकत जाऊन हवी तेवढी ऊब त्याला स्वतः निवडता येते. रात्रीसुद्धा २४ च्या खाली जाऊ देऊ नकोस. थंड सापाला पचन होत नाही. पोटात गेलेला उंदीर पचण्याआधी कुजला तर साप तो ओकून टाकतो, आणि एवढ्या लहान पिल्लाला ओकणं उपाशी राहण्यापेक्षा महागात पडतं. विळखा घालून, आवळून, मग उंदीर सोडून देणाऱ्या सापाबद्दल मला कुणीही विचारलं तरी मी आधी तापमान विचारते.

म्हणून पहिलं काम म्हणजे थर्मोस्टॅट. तू त्याचा उल्लेख केलेला नाहीस, म्हणजे बहुधा तो नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट वापरणं धोक्याचं आहे. साप गारठलेला असतानाही पोटाखालची काच इतकी तापू शकते की त्याला भाजतं, आणि भाजत असतानाही तो तिथून हलत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा सेन्सर, मॅटच्या वरच्या काचेवर पक्का बसव. हवेसाठी जाळीचं संरक्षण असलेला सिरॅमिक हीटर बल्ब लाव, त्यालाही थर्मोस्टॅट हवाच. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल किंवा जाड पुठ्ठा लावलास तर ऊबही टिकेल आणि सगळीकडून उघडं पडल्याची त्याची भीतीही कमी होईल. मात्र हीटरपासून ते लांब ठेव. कंबरेला शेकायचं पॅड पेटीखाली सारू नकोस. ते ठरावीक वेळाने आपोआप बंद पडतं आणि त्याची ऊबही सगळीकडे सारखी नसते. चिकटवलेला थर्मामीटर काढून टाक. तारेच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर आण, एक गरम टोकाच्या लपणात ठेव, एक थंड टोकाच्या.

लपणं दोन हवीत. मोठी गुहा माणसाला छान दिसते, पण गुंड्याला आत शिरल्यावर अंग तिन्ही बाजूंनी टेकायला हवं. आफ्रिकेत हे साप दिवस काढतात ते उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात, म्हणजे अंगासरशी जागेत. मातीच्या दोन लहान कुंड्या उपड्या ठेव, कडेला त्याच्यापुरतं दार कर आणि ती कड घासून गुळगुळीत कर. नाशिकची थंडी कोरडी असते, त्यामुळे एका कुंडीत ओलसर कोकोपीट ठेव. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असली की कात एका तुकड्यात निघते. डोळे निळसर-दुधाळ दिसायला लागले तर कात यायची वेळ झाली असं समज. त्या दिवसांत बरेचसे पायथन खात नाहीत आणि जास्त बिथरतात. तेव्हा तू काहीही देऊ नकोस, काही करूही नकोस.

हे सगळं लावून झालं की आठवडाभर त्याला हात लावायचा नाही आणि खायलाही द्यायचं नाही. फक्त पाणी बदल. वजन घटतंय म्हणून तुझा जीव वर-खाली होतोय, ते मला कळतं. पण १२ ग्रॅम म्हणजे सहा टक्क्यांच्याही आत. या जातीचे मोठे साप हिवाळ्यात महिनोनमहिने खात नाहीत आणि तरी ठणठणीत असतात. पिल्लांना तेवढी मुभा नसते हे खरं, तरीही आठवड्याभराच्या विश्रांतीने गुंड्याचं काही बिघडणार नाही. दर तीन-चार दिवसांनी समोर उंदीर हलवल्याने मात्र बिघडतं. नको असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा तोंडापुढे आली की त्याच्या लेखी तीच धोका ठरते.

आता खाण्याकडे येऊ, कारण तुझा खरा गोंधळ तिथे आहे.

पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग असते. या खळग्यांनी त्याला उष्णता जाणवते. अंधारात उंदीर कुठे आहे ते त्याला वासाने कळतं आणि या उष्णतेने कळतं. झडप तो उबेवर घालतो. फ्रोझन उंदीर गरम पाण्यात थोडाच वेळ ठेवला तर कातडी गरम होते, आत गारच राहतो. झडप घालताना तो ‘जिवंत’ वाटतो, विळख्यात दोन मिनिटं गेली की थंड पडतो, आणि गुंड्याला जे हवं होतं ते हातातून निसटल्यासारखं होतं. मग तो उठून जातो. म्हणून उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण वितळू दे. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून, हाताला गरम लागेल पण चटका बसणार नाही अशा पाण्यात अर्धा तास ठेव. मायक्रोवेव्ह अजिबात नको. बाहेर काढून नीट कोरडा कर, ओल्या उंदराकडे कितीतरी पायथन ढुंकून बघत नाहीत. शेवटी हेअर ड्रायरने डोक्याचा भाग थोडा जास्त गरम कर. डोकं सगळ्यात उबदार असलं की झडपही डोक्यावर बसते, आणि मग शेपटीकडून गिळायची वेळ सहसा येत नाही. तशी आली तरी उंदीर मापाचा असेल तर घाबरायचं कारण नाही. केसांच्या उलट दिशेने गिळावं लागल्याने वेळ जास्त लागतो, एवढंच.

बोआ सापांवर झालेल्या एका प्रयोगाची इथे आठवण होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात संशोधकांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवलं होतं. ठोके चालू असताना बोआंनी जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळलं, ठोके नसलेल्या उंदराला लवकर सोडलं. बोआ आणि पायथन वेगळ्या कुळांतले, पण दोघेही आवळून मारणारे. विळख्यातल्या भक्ष्याकडून काय उत्तर येतं याकडे अशा सापाचं बारीक लक्ष असतं, असं मला या प्रयोगावरून वाटतं. मेलेला उंदीर काहीच उत्तर देत नाही. म्हणून गुंड्याने विळखा घातला की लांब चिमट्याने शेपटीला अगदी हलके एक-दोन झटके दे आणि मग खोलीबाहेर जा. उभं राहून बघू नकोस, दिवा लावू नकोस, मोबाइलवर शूटिंग करू नकोस. हा अंधार पडल्यावर हिंडणारा आणि दबा धरून बसणारा साप आहे. टाकलेला उंदीर त्याने मध्यरात्रीनंतर खाल्ला, कारण तेव्हा घर शांत झालं होतं. रात्री नऊ-दहाला उंदीर दे, नाही घेतला तर लपणाच्या तोंडाशी ठेवून झोपायला जा. सकाळी उरलेला असेल तर फेकून दे, पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचा नाही.

मापाचं म्हणशील तर त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे सध्या २० ते ३० ग्रॅमचा उंदीर, आठवड्यातून एकदा.

आणखी एक काम आजच कर. मित्राला मेसेज करून विचार: गुंड्याला तो लहान जातीचा माऊस द्यायचा की मोठ्या जातीच्या रॅटचं पिल्लू? पांढरं की रंगीत? फ्रोझन की ताजं? कोणत्या वेळी, पेटीत की बाहेर? बॉल पायथन एका प्रकारच्या भक्ष्याला धरून बसतात. वरवर सारखं दिसणारं दुसरं भक्ष्य समोर आलं की झडप घालतील, हुंगतील आणि सोडून देतील. नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या जंगलांत झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असं दिसलं होतं की नर आणि माद्या यांचं खाणं वेगवेगळं आहे. झाडांवर जास्त वावरणारे, आकाराने लहान नर पक्ष्यांवर जास्त जगत होते. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण ‘साप म्हटलं की उंदीर’ ही आपली समजूत त्यात कोसळते.

नेम चुकतो असं तू लिहिलंस ते मी हलक्यावर घेतलेलं नाही. गारठलेला साप चुकतोच, कात यायच्या वेळी दिसत नाही म्हणूनही चुकतो. पण गुंड्याच्या अंगावरची नक्षी एकदा नीट बघ. काळ्या रेघा जाळीसारख्या बारीक आहेत, कुशी पांढरट आहेत आणि ‘स्पायडर’ असं काही मित्राने सांगितलं होतं का? या जातीच्या पैदाशीतून काढलेल्या त्या रंगप्रकारात डोकं थरथरतं, एका बाजूला कलतं, खाण्याच्या उत्तेजनेत मान पिळल्यासारखी फिरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा सापांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. हा जन्मजात दोष आहे, औषधाने जात नाही. तसं असेल तर चिमट्याने उंदीर हलवण्याऐवजी तो स्थिर ठेव, उंचीच्या फांद्या काढून टाक, आणि त्या सापाची पैदास कधीही करू नकोस. आणि रंगप्रकार साधा असूनही डोकं कलत असेल तर वाट न बघता पशुवैद्याकडे ने. तो संसर्गही असू शकतो.

शेजारच्या काकांना नम्रपणे नाही म्हण. जिवंत उंदीर जीव वाचवण्यासाठी कडाडून चावतो. न खाणाऱ्या सापाच्या पेटीत रात्रभर सोडलेल्या उंदराने त्याला हाडापर्यंत कुरतडल्याची उदाहरणं पशुवैद्यांना नवीन नाहीत. उंदराच्या वाट्यालाही तो भयानक मृत्यू येतो. घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर बिलकूल नको, त्याने कुठे विष खाल्लं असेल ते सांगता येत नाही. आणि कुणी वाटीत दूध ठेवायला सांगितलं तर तेही नको. त्याला फक्त स्वच्छ पाणी हवं.

आता आजींचं म्हणणं. साप डूख धरतो हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि आजींनी ते काळजीपोटी म्हटलं आहे. पण कोणी काय केलं ते लक्षात ठेवून सूड घ्यायचा, एवढं सापाच्या मेंदूत होत नाही. तो साध्या जोड्या शिकतो. वेगळा डबा आला की उंदीर येतो, ही जोडी गुंड्या शिकलाय. तू त्याला त्या डब्यातून उचललंस तेव्हा तो अजून शिकारीच्या तंद्रीत होता, आणि तुझा गरम हात, त्यावर उंदराचा वास. चावून विळखा घातला, सोडलं नाही, असं तू लिहिलंस. ते खाण्यासाठीचं चावणं आहे. घाबरलेला साप टोचल्यासारखा चावतो आणि त्याच क्षणी सोडतो. तेव्हा वेगळा डबा बंद. पेटीतच खाऊ घाल. शिवाय खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नसतं, डब्याच्या पद्धतीत ते दर वेळी होतं. पुन्हा कधी असा चिकटला तर ओढू नकोस. दात मागे वळलेले असतात, ओढल्याने तुझी कातडी फाटेल आणि त्याचे दात तुटतील. गार पाण्याची धार धर, तो सुटेल. साप बिनविषारी आहे, पण जखम साबणाने धू आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस ते डॉक्टरांना सांग.

पहिल्या आठवड्यातल्या शहाणपणाबद्दल मला तुला जरा वाईट वाटेल असं सांगायचं आहे. मुटकुळं करून डोकं मधोमध लपवणं ही या सापाची भीतीची सर्वात मोठी खूण आहे, ‘बॉल’ हे नाव त्यावरूनच पडलं. तो तेव्हाही घाबरलेला होता, आताही आहे. हातभर लांबीच्या पिल्लाला जंगलात पक्षी, मुंगूस, मोठे साप, सगळेच खातात. वरून येणारा हात त्याला त्यांच्यातलाच एक वाटतो. वजन वाढतं तसे बहुतेक बॉल पायथन निवळतात. त्याने सलग तीनदा नीट खाल्लं की मग आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, संध्याकाळी काढ. काढण्याआधी कागदाच्या गुंडाळीने अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श कर, म्हणजे आता खाणं येत नाहीये हे त्याला कळेल. वरून न पकडता बाजूने, पोटाखाली हात सरकवून उचल. जीभ सावकाश आत-बाहेर होत असेल तर तो जग चाचपतोय, तू थांब आणि त्याला हिंडू दे. जीभ थांबली आणि मान ताठ झाली तर परत ठेव.

कागदपत्रांचं तू काही लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारते. बॉल पायथन ‘सायटीस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवायचं असतं. मित्राची नोंदणी होती का, आणि ती तुझ्या नावावर झाली का, ते बघ. आणि एकदा डोक्यावरची खूण तपास. भाल्याच्या पात्यासारखा ठसठशीत आकार असेल तर ते आपल्याकडच्या अजगराचं पिल्लू असू शकतं. भारतातला अजगर घरात ठेवणं हा गंभीर गुन्हा आहे. तशी शंका आली तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन कर. काहीही झालं तरी गुंड्याला गंगापूर धरणाकडे किंवा पांडवलेण्याच्या डोंगरात सोडायचा विचार मनात आणू नकोस. इथे तो जगणार नाही, आणि जगला तर इथल्या सापांना त्याचे रोग लागतील.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्यासारख्या पण त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन कर. हात लावायचा नाही त्या आठवड्यातही लपणासकट डब्यात सरकवून हे करता येतं. १८९ ग्रॅमच्या खाली गेला, ओकला, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला गाठ. नाशिकमध्ये सापडले नाहीत तर पुणे-मुंबईत सापडतील. नेताना कापडी पिशवीत घालून पेटीत ठेव आणि बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली असू दे. सर्पमित्रांचं काम मोलाचं आहे, पण आजारी पायथनवर उपचार करणं हे त्यांचं काम नाही.

भाच्याच्या हातात देऊ नकोस. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. काचेबाहेरून दाखव, संध्याकाळी दिवे मंद करून, म्हणजे गुंड्या कुंडीतून डोकं बाहेर काढेल. पेटीला कुलूप लाव. तुझे हात साबणाने धुतल्याशिवाय त्या मुलाला जेवण भरवू नकोस, आणि गुंड्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धूत असशील तर आजपासून ते बाथरूममध्ये धू.